तोंडातला एनए प्लॉट

पळस्पे फाट्यावरून गोव्याच्या रस्त्याला लागलं की शिरढोण येईपर्यंत वाचायला भरपूर मिळतं. पूर्वी या रस्त्यावर कलिंगडं, नर्सरी आणि 'वाहने सावकाश हाका' एवढंच वाङ्मय होतं. आता खांबागणिक फ्लेक्स. निम्मे प्लॉटचे. क्लिअर टायटल, कर्जाची सोय, स्टेशन दहा मिनिटांवर. (कोणत्या वाहनाने आणि कोणत्या साली, ते लिहीत नाहीत.) उरलेल्यांतून वाढदिवसाचे 'भावी' वजा केले की बहुतेक दातांचे. दोन्हीकडची बाई मात्र एकच. तेच मोकळे केस आणि तेच बत्तीसच्या बत्तीस दात. एका फ्लेक्सवर ती हातात किल्ल्या घेऊन हसते, दुसऱ्यावर रिकाम्या हाताने हसते. पनवेलच्या फ्लेक्सवाल्याला विचारलं तर तो म्हणाला, "ती सगळ्या धंद्यांना चालते."

आमचे नाना, म्हणजे माझे चुलते, एकदा रिक्षातून या बाईकडे बघत म्हणाले, "हिला आधी दात मिळाले का आधी प्लॉट?"

प्रश्न वाटतो तेवढा येडपट नाही. आमच्या तालुक्यात या दोन्ही गोष्टी एकीमागून एक येतात आणि त्यांचा क्रमही ठरलेला आहे. आधी जमीन जाते, मग दात येतात.

सिडको आली, जेएनपीटी आलं, द्रुतगती मार्ग आला, विमानतळ आला. दर वेळी कुणाचं तरी खाचर गेलं आणि कुणाच्या तरी खात्यात पैसा आला. त्या पैशातून पहिला मान घराच्या स्लॅबचा, दुसरा गाडीचा, तिसरा हळदीच्या डीजेचा. दातांचा नंबर बराच मागे. शिक्षणमहर्षींनी मात्र दातांची तजवीज आधीच करून ठेवली होती. कामोठ्याला एमजीएमचं दंत महाविद्यालय, खारघरला येरळाचं, बेलापूरला भारती विद्यापीठाचं, नेरूळला तेरणाचं आणि डी. वाय. पाटलांचं. पनवेलला लोकलमध्ये बसून नेरूळ ओलांडेपर्यंत पाच दंत महाविद्यालयांच्या शेजारून माणूस जातो. दरवर्षी तिथून शेकड्यांनी डॉक्टर बाहेर पडणार, आणि त्यांनाही कुठेतरी फ्लेक्स लावायलाच हवा. या पट्ट्यात आज भातापेक्षा दातांचे डॉक्टर जास्त पिकतात. आणि गंमत अशी की जोवर भात पिकत होता तोवर आमचं दातांवाचून अडत नव्हतं. मऊ भात, तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. हे जेवण ज्याने कुणी ठरवलं त्याला पुढे दात राहणार नाहीत याची पुरती कल्पना असावी.

दात पडणं हा आमच्याकडे आजार नव्हता, ते वय होतं. दुधाचा पहिला दात पडला की तो कौलावर फेकायचा, म्हणजे नवा चांगला येतो. म्हातारपणी पडलेला दात कुणी कौलावर फेकत नसे, कारण ती हमी एकदाच होती. आता कौलंही गेली. मागे पुतण्याने स्लॅबवर दात फेकला, तो पावसाळ्यात गच्चीच्या पाइपात सापडला.

घासायला राखुंडी किंवा कडुनिंबाची काडी. ज्यांच्या घरचं कुणी मुंबईत गिरणीत होतं, त्यांच्याकडे माकडछाप काळी पूड. बायकांना मशेरी. तंबाखू तव्यावर काळीभोर होईस्तोवर भाजायची, तिची पूड करायची आणि बोटावर घेऊन सकाळी एकदा लावायची, दुपारी जेवणानंतर एकदा, आणि शेजारणीने डबी पुढे केली की वेळ न बघता. 'दात साफ होतात' हे तिचं अधिकृत कारण. आणि झालेही साफ, एकेक करून सगळे. पुरुषांनी पुढे गुटखा धरला. राज्यात २०१२ पासून गुटख्याला बंदी आहे. त्या बंदीने गुटखा टपरीच्या पुढच्या बाजूने मागच्या बाजूला गेला.

मग कवळी. इम्प्लांट यायच्या आधी आमच्या गावात दंतवैद्यक म्हणजे कवळी, आणि कवळी ही वस्तू तोंडापेक्षा कोनाड्यातच जास्त राही. लग्नाला जाताना घालायची, जेवायच्या पंगतीला बसताना काढून खिशात ठेवायची. म्हणजे जी खाण्यासाठी करून घेतली तीच खाताना अडचण. एका आजोबांची कवळी पंढरपूरला चंद्रभागेत चूळ भरताना गेली. ते पुढची कित्येक वर्षं सांगत राहिले की ती पांडुरंगाने मागून घेतली. त्यांच्या सुनेचं म्हणणं वेगळं होतं; तिला नवीचे पैसे द्यावे लागले होते.

गाव साधं नाही हेही सांगायला हवं. आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके इथले. ४ नोव्हेंबर १८४५ला शिरढोणला जन्मले, १७ फेब्रुवारी १८८३ला एडनच्या बंदिवासात वारले. गावात स्मारक आहे, कार्यक्रम होतात, भाषणं होतात. फार वर्षांपूर्वी असं एक भाषण चालू असताना वयोवृद्ध वक्त्यांची कवळी 'सशस्त्र' या शब्दाला निसटली. नवीन कवळीवाल्याने जे शब्द टाळावेत त्यांत 'सशस्त्र' पहिला. वक्ते कसलेले होते. त्यांनी रुमाल तोंडाला लावला, श्रोत्यांना वाटलं गहिवरले, टाळ्या झाल्या. पुढचं सगळं भाषण त्यांनी 'हत्यारबंद उठाव' म्हणत निभावून नेलं.

एडनला फडक्यांनी कोठडीचं दार बिजागऱ्यांसकट उचकटून बाहेर धाव घेतली होती. पकडले गेले, पण दार उचकटलं ते उचकटलंच. त्याच गावचे आमचे नाना दातांच्या दवाखान्यात शिरले की दार कोणत्या बाजूला उघडतं ते आधी बघून घेतात.

नानांच्या उजव्या अंगाला खाली दोन दाढा नव्हत्या, वर एक नव्हती. सगळा कारभार डाव्या बाजूने चाले. रस्त्याकडेचा तुकडा विकला गेला, घराला स्लॅब पडला, हळद झाली, आणि त्यानंतर नाना एका सकाळी म्हणाले, "चल, दात बघून येऊ." मी म्हटलं, कॉलेजात जाऊ, खर्च कमी येतो, शिकणारी मुलं करतात पण प्राध्यापक शेजारी उभे असतात. नाना म्हणाले, "जमीन विकली ती काय रांगेत बसायला?" मग पनवेलला एका खाजगी दवाखान्यात गेलो. डॉक्टर नानांच्या नातीच्या वयाची. तिने हातात प्लॅस्टिकचा जबडा घेतला आणि फार मन लावून सांगायला सुरुवात केली. ऑसिओइंटिग्रेशन, अॅबटमेंट, क्राउन. नाना मान हलवत होते, म्हणजे त्यांना काही कळत नव्हतं. मग दमून ती म्हणाली, "आजोबा, सोपं सांगते. जागा रिकामी आहे ना, तिथे हाडात पिलर टाकायचा आणि वर दाढ बांधायची."

नाना खुर्चीत ताठ झाले. तोवर ते पेशंट होते, इथून पुढे ते पार्टी झाले.

"माती कशी आहे?" त्यांनी विचारलं.

पोरगी पनवेलचीच असणार, कारण ती अडखळली नाही. म्हणाली, "हाड किती आणि कसं आहे ते बघायला सीबीसीटी स्कॅन करावा लागेल."

"सॉइल टेस्ट," नाना माझ्याकडे वळून म्हणाले.

स्कॅन झाला. डॉक्टरने पडद्यावर नानांचा जबडा उभा-आडवा फिरवून दाखवला. दाढ गेली की तिथल्या हाडाला काम उरत नाही, आणि बिनकामाचं हाड दरवर्षी थोडं थोडं झिजत जातं. "पडीक ठेवलीत जागा," असं तीच म्हणाली. शेजारची दाढ आधार गेल्यामुळे रिकाम्या जागेत कलली होती. वरच्या दाढेला खाली टेकायला कुणी नसल्यामुळे तीही खाली उतरू लागली होती. नानांनी पडदा नीट पाहिला. चाळीस वर्षं बांधाच्या भांडणात काढलेल्या माणसाला हे चित्र समजावून सांगावं लागत नाही.

"अतिक्रमण," ते म्हणाले. "शेजारी आत सरकलाय आणि वरच्याने बाल्कनी काढलीय. तेव्हाच कुंपण घालायला हवं होतं."

"बरोबर," डॉक्टर म्हणाली. "दात काढल्यावर लोक लगेच येत नाहीत."

वरच्या जबड्याचं प्रकरण जरा नाजूक निघालं. तिथे दाढांच्या डोक्यावर सायनसची पोकळी असते. हाड झिजलं की त्या पोकळीच्या आणि तोंडाच्या मध्ये राहतो तो अगदीच पातळ थर. स्क्रू टाकायचा तर आधी तिथे हाडाची भर घालावी लागते. नाना म्हणाले, "भराव." भराव हा आमच्या तालुक्यातला भातानंतरचा मुख्य व्यवसाय असल्यामुळे त्यांनी मुरूम का डबर असंही विचारून घेतलं. डॉक्टरने सांगितलं, तीन-चार प्रकार असतात. पेशंटच्याच शरीरातलं हाड असतं, प्रयोगशाळेत बनवलेली पूड असते, जनावराच्या हाडावर प्रक्रिया करून केलेली पूडही असते. बाहेर बाकावर आमच्याच गावचे एक माळकरी बुवा दाढदुखी घेऊन बसले होते, त्यांनी दारातून हे शेवटचं ऐकलं. दोन्ही हात कानांवर नेऊन म्हणाले, "माझी दुखूं दे मग." डॉक्टरला बाहेर जाऊन सांगावं लागलं की तुमची दाढ नुसती भरायची आहे, सिमेंटने. सिमेंट म्हटल्यावर बुवा शांत झाले. सिमेंट शाकाहारी आहे.

खालच्या जबड्याला वेगळाच धोका. त्यातून एक नस जाते, खालच्या ओठाला आणि हनुवटीला जाणीव देणारी. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहतो. म्हणून स्क्रूचं टोक तिच्यापासून निदान दोन मिलिमीटर लांब ठेवतात. इथे मात्र नाना गंभीर झाले. आमच्या रस्त्यावर गेली कित्येक वर्षं कुणी ना कुणी खणतं आहे. खणणारा आधी खणतो, मग केबल शोधतो, आणि अख्ख्या गावाचं इंटरनेट त्या दिवशी देवाघरी जातं.

"तुम्ही आधी बघता ना, केबल कुठून गेलीय ते?"

"आधी बघतो, मोजतो, मगच ड्रिल."

"मग तुम्ही सरकारी काम घेतलेलं दिसत नाही," नाना म्हणाले. माझ्या आठवणीत डॉक्टरांची त्यांनी केलेली ही पहिली स्तुती.

साखरेचा विषय निघाला. मधुमेह आटोक्यात नसेल तर जखम भरत नाही, हाड धरत नाही. तंबाखूचंही तेच. नाना तंबाखू खातात हे त्यांनी नाकारलं आणि त्यांच्या खिशातल्या चुन्याच्या डबीने कबूल केलं. डॉक्टर म्हणाली, पिलर टाकणार तिथे तुम्ही रोज विष सोडणार असाल तर मी काम घेणार नाही. नानांना तळोज्याच्या एमआयडीसीचं पाणी शेतात शिरलं की काय होतं ते ठाऊक होतं. त्यांनी डबी माझ्या हातात दिली. माझ्याच का, हे घरी गेल्यावर काकूने मला विचारलं.

मग भाव. दात एकेक मोजून लावतात आणि कंपनी बघून भाव बदलतो. आमच्याकडे ऐकू येणारे आकडे साधारण २५,००० पासून ६०,००० पर्यंत, एका दाताला. स्विस आहे, कोरियन आहे, इस्रायली आहे, आपल्याकडचंही आहे. नानांनी प्रत्येक देशाबद्दल जे जे विचारलं ते ते सिमेंटच्या दुकानात विचारण्यासारखं होतं. सर्वांत शेवटी त्यांनी विचारलं, "ओसी कधी?" डॉक्टरला ऑक्युपन्सी सर्टिफिकेट लगेच कळलं. म्हणाली, "तीन महिने खालच्याला. वरच्याला भराव आहे, सहा तरी लागतील."

स्क्रू बघून मात्र नाना खट्टू झाले. जाडी चार मिलिमीटरच्या आसपास, लांबी सेंटिमीटरभर. "एवढ्याशा खिळ्यावर दाढ?" हा प्रश्न त्यांच्या आधी जगातल्या पुष्कळ शहाण्या माणसांनी विचारलेला आहे. पेर-इंगवार ब्रॉनमार्क नावाचा एक स्वीडिश संशोधक १९५२ साली सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमची नळी बसवून त्यातून रक्तप्रवाह कसा चालतो ते बघत होता. दातांशी त्याचा काही संबंध नव्हता. प्रयोग संपला. नळी महागाची, तेव्हा ती काढून पुन्हा वापरावी असा विचार त्याने केला. हा विचार आमच्या कोकणात कुणालाही सुचला असता. पण नळी निघेना. हाड टायटॅनियमला असं चिकटून बसलं होतं की दोन्ही वेगळी होईनात. दुसऱ्या कुणी नळीच्या नावाने बोटं मोडली असती. ब्रॉनमार्क म्हणाला, जे निघत नाही ते कुठेतरी उपयोगी पडेल. १९६५ साली त्याने गॉटेनबर्गमध्ये गोस्टा लार्सन नावाच्या माणसाच्या खालच्या जबड्यात असे खुंट बसवले. या लार्सनला जन्मतःच टाळूचा दोष होता, खालच्या जबड्यात दात नव्हते, खाण्याबोलण्याचे हाल होते. लार्सन २००६ साली वारला तेव्हाही ते खुंट कामावर होते. इकडे दंतवैद्यकातल्या थोरामोठ्यांनी मात्र ब्रॉनमार्कला बराच काळ उभं केलं नाही. १९८२ साली कॅनडात टोरांटोला परिषद भरली, तिथे त्याचे पुरावे मांडले गेले आणि मग सगळ्यांना एकदम हे पहिल्यापासून पटलेलं होतं.

त्याआधी माणसं काय करत होती याची हकीकत जेवताना सांगू नये. १८१५ साली वॉटर्लूच्या लढाईत पडलेल्या जवानांचे दात उपटून ते श्रीमंतांच्या कवळ्यांना वापरले गेले. तरुण पोरांचे धडधाकट दात, भाव चांगला आला. अमेरिकेच्या जॉर्ज वॉशिंग्टनच्या कवळीत पाणघोड्याचा दात होता. आपल्याकडे ११९४ साली चंदावरच्या लढाईत कनौजचा राजा जयचंद पडला, तेव्हा त्याचं प्रेत ओळखलं ते सोन्याने जखडलेल्या दातांवरून, असं फार्सी इतिहासकार सांगतात. हे मी नानांना सांगितलं. दात राजाच्या बाजूने लढले नाहीत, ओळख पटवायला मात्र हजर राहिले, हे त्यांना आवडलं नाही. "सोनं कुणी घेतलं?" एवढंच त्यांनी विचारलं.

प्रत्यक्ष ड्रिलचं वर्णन करण्यात अर्थ नाही. भूल दिलेली, वरून थंड सलाइनचं पाणी सतत चालू, कारण हाड ४७ अंशांच्या वर तापलं तर ते मरतं आणि मग स्क्रूला धरणार कोण. नानांनी पूर्ण वेळ दाराकडे पाहिलं. झाल्यावर डॉक्टरने विचारलं, "दुखलं?" नाना बधिर ओठांनी जे बोलले त्याचा आम्ही दोघांनी सोयीचा अर्थ घेतला. मग सूचना: मऊ खा, तिकडे जीभ लावू नका, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करा.

"क्युअरिंग," नाना बाहेर येऊन म्हणाले. भूल उतरली नव्हती, पण शब्द स्पष्ट आला. "तीन महिने पाणी मारायचं."

आता तीन महिने. गावात कुणाला काही सांगायचं नाही असं ठरलं होतं. ते किती वेळ टिकलं असेल ते शिरढोण ज्यांना माहीत आहे त्यांना सांगायला नको. पारावर बसलेल्यांना नानांच्या जबड्याचा ताबा मिळाला. एकाचं म्हणणं, वीज कडाडली की घरात जाऊन बसावं, तोंडात लोखंड आहे. (टायटॅनियम, मी म्हटलं. तेच ते, तो म्हणाला.) दुसऱ्याने विमानतळावर मशीन वाजणार म्हणून सांगितलं. नानांना कुठे जायचं नव्हतं, तरी त्यांनी दवाखान्याकडून सर्टिफिकेट मागून घेतलं आणि ते सातबाऱ्याच्या फायलीत लावलं. तिसऱ्याने विचारलं, मुदतीत होईल का काम? यावर मात्र पार गप्प झाला. मुंबई-गोवा रस्त्याच्या पळस्पे ते इंदापूर चौपदरीकरणाचं काम २०११ साली सुरू झालं. ८४ किलोमीटर. त्या कामाच्या मुदती बघत बघत आमच्या गावात एक पिढी वयात आली आणि एक पिढी दातांतून गेली. त्यामुळे कुठलंही पिलरचं काम सांगितलेल्या महिन्यात पूर्ण होतं, यावर कुणाचाच विश्वास नव्हता.

ते झालं. चौथ्या महिन्यात दोन दाढा बसल्या. नाना ते सांगताना आजही दाढांपेक्षा तारखेचं कौतुक जास्त करतात. "बोलली त्या आठवड्यात हॅंडओव्हर." त्या पोरीला महामार्गाचं काम द्यावं, असा ठराव पारावर तोंडी मंजूर झाला. तिच्यापर्यंत तो गेलेला नाही.

दात मिळाले, आता चावायचं काय? हा मुद्दा कुणी आधी काढलाच नव्हता. 'चणे आहेत तेव्हा दात नाहीत' ही म्हण आमच्या तालुक्यात उलटी झाली आहे. नानांना हिवाळ्यात पोपटी हवी होती. वालाच्या शेंगा, मडक्याच्या बुडाला आणि तोंडाशी भांबुर्डीचा पाला, मध्ये कोंबडी, अंडी, बटाटे, आणि मडकं उलटं घालून भोवती जाळ. पोपटी शेतात करायची असते. शेत विकलं होतं, त्यातूनच दात आले होते. शेवटी तिथल्या गृहसंकुलाच्या कुंपणापलीकडे, जो तुकडा अजून कुणी घेतला नव्हता तिथे मडकं लागलं. वालाच्या शेंगा बाजारातून आणल्या. पलीकडच्या सोसायटीच्या वॉचमनने येऊन विचारलं, इथे आग लावायची परवानगी आहे का. नाना त्याला म्हणाले, "अरे, ही जागा माझी..." आणि थांबले. मग त्याला एक अंडं दिलं.

त्या पोपटीला नानांची थोरली बहीण आली होती, आक्का. वय ऐंशीच्या पुढे. तोंडात एक दात नाही, मशेरीची डबी अजून कनवटीला. तिने कोंबडीची तंगडी घेतली आणि हिरड्यांनी साफ केली. नाना डॉक्टरच्या सूचनेप्रमाणे नव्या बाजूला हळू चावत होते, तेवढ्यात आक्का दुसरी मागत होती. माझ्या आत्ये-मावश्यांच्या पिढीत मी हे पुष्कळदा पाहिलं आहे. दात गेले की बाप्या माणसं डॉक्टरकडे जातात आणि बायका हिरड्यांवर भागवतात. मी भाबडेपणाने म्हटलं, "आक्का, तुला पण बसवून घेऊ या की."

"मना कनाला?" आक्का म्हणाली. "माज्या हिरड्या हाईत."

तो विषय तिथेच संपायचा. पण काकूने सहज सांगितलं की आक्काने रजिस्ट्रार कचेरीत जाऊन हक्कसोडीवर सही केली होती, नानांनी तुकडा विकला त्याच्या आधी. माहेरचं नातं राहावं म्हणून बहिणी करतात तशी. साडी मिळाली, नारळ मिळाला, जेवण झालं. जमिनीचे दात भावाला आले. हे कुणी रागाने बोललं नाही, शेंगा सोलता सोलता बोललं. नानांनी मात्र चावणं थांबवलं आणि पुढचा घास डाव्या बाजूने घेतला.

जेवण झाल्यावर जाळाभोवती गप्पा सुरू झाल्या आणि एका तरुण पोराने, ज्याच्या मोबाइलमध्ये सगळी विद्या असते, जाहीर केलं की टायटॅनियम १,६६८ अंशांना वितळतं. सरणाचा जाळ तेवढा होत नाही. म्हणजे नाना गेल्यावर सगळं जळेल, स्क्रू राहतील.

यावर जी चर्चा झाली तिच्यात नाना सोडून सगळ्यांनी भाग घेतला. अस्थी वेचताना स्क्रू निघाले तर ते अस्थींत धरायचे का? धरले तर हरिहरेश्वरला सोडायचे की नाशिकला न्यायचे? भटजींना विचारलं तर ते काय सांगतील? एकाचं मत पडलं की जो अवयव देवाने दिला तोच देवाला परत जातो, बाकीचा ऐवज घरी ठेवावा. कंपनी परत घेते का, असंही एकाने विचारलं, भांड्याच्या दुकानात मोड देतात तशी. ठेवायचे म्हटले तर कुणाच्या नावावर? दोन मुलगे, स्क्रू खालचे दोन आणि वरचा एक व्हायचा आहे, वाटणी सरळ बसत नव्हती. थोरल्याने वरच्याचा हट्ट सोडला, धाकट्याने भरावाचा खर्च कुणी दिला ते काढलं. नाना म्हणाले, "अरे, मी अजून इथेच बसलोय." कुणी लक्ष दिलं नाही.

आक्का बोटावर मशेरी घेऊन सगळं ऐकत होती. तिने बोट तोंडात घातलं, हिरडीवरून एकदा फिरवलं आणि बाजूला थुंकली.

"ते खिलं मना द्या," ती म्हणाली. "बाकी सगल्यावर सही केली मी. त्याच्यावर नाय केलेली."